घड्याळ जुळवायला फोन अडकवायचा?

बास झालं आता! लक्ष्मीपुरीत लाइट गेली की दुकानातल्या कॉम्प्युटरचं घड्याळ थेट १ जानेवारी २००२ वर. लाइट नसताना घड्याळ चालू ठेवणारा आतला बटणासारखा सीआर २०३२ सेल मेलाय, बदलणारा माणूस 'उद्या येतो' म्हणून पंधरा दिवस गायब. म्हणून वेळ जुळवायचं सॉफ्टवेअर टाकलं. त्याला काय हवं? इंटरनेट! म्हणजे फोनच्या लाइनवरून इंटरनेट लावणाऱ्या मोडेमची ती किरकिर, एंगेज टोन, परत डायल. तिसऱ्यांदा लागलं, तेवढ्यात वर घरात आईनं रिसीव्हर उचलला. तुटलं!

इंटरनेटवरून वेळ विचारायची जी पद्धत, एनटीपी, तिचं पॅकेट असतं ४८ बाइटचं. ४८! तेवढ्यासाठी अख्खी लाइन अडवायची, फोनचं मीटर पळवायचं? विंडोज एक्सपी आपोआप वेळ जुळवतं, पण आठवड्यातून एकदा. नेमकं तेव्हाच आम्ही लाइनवर असणार कसे? आणि तारीखच चुकलेली असेल तर ते जुळवतच नाही, आधी तारीख हातानं घाला म्हणे. अरे, तारीख हातानं घालायची तर वेळ घालायला काय झालं? टाइम झोन चुकला तर साडेपाच तासांचा घोळ वेगळाच.

काल गुळाच्या बिलावर २००२ ची तारीख छापून गेली. गिऱ्हाइकाला काय सांगू?