पंख्यावर नाव घालायला दहा जण तयार, लाइटबिलाला एकही नाही

दान देणाऱ्याच्या मनात दया असतेच. पण नुसत्या दयेने हात खिशाकडे जात नाही. कुणीतरी समोर उभं राहून मागावं लागतं. गणपतीच्या वर्गणीला गल्लीतली ओळखीची चार पोरं दारात आली की पावती फाटतेच. तेच मंडळाच्या ग्रुपवर क्यूआर कोड टाकून बघा. हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते, पैसे पाठवणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके.

अमेरिकेत शिकागोच्या उपनगरांत यावर एक छान प्रयोग झाला. तो २०१२ मध्ये छापून आला. काही घरांच्या दाराला आदल्या दिवशी चिठ्ठी अडकवली की उद्या अमुक वेळेत आम्ही देणगी मागायला येतोय. त्या घरांत दार उघडणारेच ९ ते २५ टक्क्यांनी घटले. काही चिठ्ठ्यांवर ‘आमच्याकडे येऊ नका’ अशी खूण करायला चौकोन ठेवला होता, तिथे देणगी २८ ते ४२ टक्क्यांनी कमी झाली. गळाली ती मुख्यतः दहा डॉलरच्या आतली. म्हणजे छोट्या रकमा बऱ्याचदा ‘नाही’ म्हणायचा संकोच टाळण्यासाठी दिलेल्या असतात. आपल्याकडे वर्गणीवाले आले की ‘ते घरी नाहीत ओ’ असं आतून ओरडून सांगतात, त्याचंच हे मोजमाप.

दुसरी गोष्ट आकड्यांची. २००७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात लोकांना एक फॉर्म भरायचे पाच डॉलर दिले आणि त्यातून आफ्रिकेतल्या उपाशी मुलांसाठी किती देता असं विचारलं. मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती दाखवली तेव्हा सरासरी २.३८ डॉलर आले. लाखो भुकेल्यांची आकडेवारी दाखवली तेव्हा १.१४. आणि रोकियाबरोबर आकडेवारीही जोडली तर १.४३! आकडे पुढे आले की माणूस हिशेब करायला लागतो, आणि आपल्या पाचशे रुपयांनी काय होणार इथे येऊन थांबतो. म्हणून शिक्षणासाठी मदत मागणाऱ्या पत्रकात जिल्ह्याची आकडेवारी छापू नये. एका विद्यार्थ्याची वर्षाची वह्या-पुस्तकं, बसपास आणि परीक्षा फी मांडावी. त्याचा फोटो आणि आडनाव मात्र नको. गरिबाच्या पोराची गावभर जाहिरात करून मिळवलेला पैसा त्याला शाळेत मान खाली घालायला लावतो.

नावाचा सोस हा तिसरा भाग. त्याला नाक मुरडणारे खूप भेटतात. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, बाकावर, फरशीवर, कमानीवर नावंच नावं. मला यात काही वावगं वाटत नाही. लिंगायतांच्या दासोहात, म्हणजे सेवाभावाने दिलेल्या दानात, देणाऱ्याने ‘मी दिलं’ हा भाव ठेवू नये असं सांगितलंय, मुसलमानांतही सदका, म्हणजे ऐच्छिक दान, गुपचूप दिलेलं बरं मानतात. तो आदर्श मोठाच आहे. पण चारचौघांत दिलेलं पाहून दुसराही देतो, हेही तितकंच खरं. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी २०२० मध्ये दहा लाख डॉलरच्या जागतिक शिक्षक पुरस्कारातली निम्मी रक्कम उरलेल्या नऊ जणांत वाटली, तीही सगळ्या जगासमोर जाहीर करून. म्हणून ते दान काय कमी झालं?

खरी अडचण वेगळीच आहे. नाव ज्यावर लिहिता येतं तेवढ्याच वस्तूंना पैसा मिळतो.

पाणपोईचंच बघा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ च्या घरात जातो. दाता स्टीलचा कूलर आणि आरओ देतो, वर नावाची पाटी, हार-तुरे, फोटो. आता बोअरचं पाणी जड. गाळाची जाळी तीन-चार महिन्यांत बदलायला लागते. ती बदलली नाही की आतला मेम्ब्रेनचा पडदा गाळाने तुंबतो, त्यात जड पाण्याचे क्षार बसतात, धार बारीक होते आणि पुढच्या उन्हाळ्यात कूलरवर ‘बंद आहे’ असा पुठ्ठा लटकतो. शिवाय एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात हे परवडत नाही. त्यापेक्षा चार रांजण, ओलं गोणपाट, लांब दांड्याचं ओगराळं आणि रोज रांजण घासून भरणारा माणूस ही व्यवस्था टिकते. पण त्या माणसाच्या पगाराला दाता मिळत नाही, कारण पगारावर पाटी बसवता येत नाही.

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांच्या वाटेवर हेच उलट्या बाजूने दिसतं. पंचेचाळीस किलोमीटरच्या रस्त्यावर चहा, केळी, खिचडी, ताक, पुन्हा चहा. शहराजवळच्या पहिल्या टप्प्यात स्टॉलला स्टॉल लागून, कारण देणाऱ्यालाही घरी लवकर परतायचं असतं. तिथे लोकांची पोटं भरलेलीच असतात. अर्ध्या द्रोणांतली खिचडी कडेला पडते. पहाटे पुढच्या टप्प्यात पायाला फोड आलेल्यांना पट्टी, बायकांना आडोशाचं शौचालय आणि कचऱ्याला पोती लागतात. तिकडे गर्दी नसते. शंभर माणसांच्या खिचडीला आठ किलो तांदूळ आणि तीन किलो मूगडाळ पुरते. तेवढ्या खर्चात शेवटच्या टप्प्यावर पट्ट्या, मलम आणि गरम पाण्याची घंगाळी मांडता येतात.

२०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडच्या सीना नदीला पूर आला तेव्हाही माणसांनी मदतीत हात आखडता घेतला नाही. पण पुरात जुन्या कपड्यांचे गठ्ठे पाठवणं ही बऱ्याच वेळा कपाट रिकामं करण्याची सोय असते. निवडायला माणसं गुंततात, अर्धे कपडे फेकून द्यावे लागतात. चिखल भरलेल्या घराला पहिल्यांदा लागतात फावडी, घमेली, झाडू, सतरंज्या आणि जनावरांना चारा. कोरड्या चादरी तर आपल्याच गावात विणतात. जुन्या साडीपेक्षा एक नवी चादर कधीही चांगली.

कराच्या सवलतीसाठी लोक देतात असं म्हणतात, ते मला फारसं पटत नाही. देणगीवरची प्राप्तिकराची वजावट (जिला ८०जी म्हणतात) नव्या करप्रणालीत मिळतच नाही, जुन्या प्रणालीतही दोन हजारांवर रोख दिलं किंवा वस्तू दिली तर मिळत नाही. तरी पंखे येतातच. सवलत हवी असणाऱ्याने रक्कम खात्यावर पाठवावी, पॅन द्यावा, संस्थेकडून प्रमाणपत्र मागून घ्यावं. एवढंच.

तेव्हा मागणाऱ्यांनी मागायची पद्धत बदलावी. यादीत पहिलं नाव मोठ्या रकमेचं लिहून घ्या. पहिला ५०१ ला थांबला की खालचे सगळे ५०१ ला थांबतात. पावतीपुस्तकांना अनुक्रमांक टाका, कोणतं पुस्तक कुणाकडे ते वहीत लिहा, न परतलेलं पुस्तक हिशेबाआधी वसूल करा. आणि न दिसणाऱ्या खर्चाचे दिवस पाडा. पाणी भरणाऱ्याचा पगार, टँकर आणि रांजणांचा खर्च मिळून दिवसाला जे पडेल ते ‘एका दिवसाचं पाणी’ म्हणून मागा. पाणपोईवर काळा फळा लावा, रोज सकाळी खडूने त्या दिवसाच्या दात्याचं नाव लिहा. वडिलांच्या पुण्यतिथीचा, पोरीच्या वाढदिवसाचा दिवस लोक आधी येऊन धरून ठेवतात. मे महिन्यातले दिवस आधी भरतात, मार्चमधले रिकामे राहतात. म्हणून यादी मार्चपासून भरत न्या आणि मेची मागणी आली की सोबत मार्चचा एक दिवस गळ्यात घाला.