टपालापुरता माणूस

"चौकशीसाठी 'सेल्स' नावाचा एक ईमेल पत्ता हवाय, पाच मिनिटांचं काम," असं म्हणणाऱ्यांची युनिक्सशी, म्हणजे सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमशी, कधी गाठ पडलेली नसते. त्याला नुसता पत्ता पुरत नाही, माणूस लागतो. म्हणून सर्व्हर सांभाळणारा मी यूजरअ‍ॅड ही कमांड चालवून सेल्स नावाचा माणूस, म्हणजे युजर, घडवतो. यूआयडी म्हणजे युजरचा नंबर, ग्रुप, होम डिरेक्टरी म्हणजे त्याचं स्वतःचं फोल्डर, सगळं रीतसर. फक्त लॉगिनची मुभा नको, म्हणून शेलच्या, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या, जागी 'नोलॉगिन'. तरीही कुणी त्या नावाने आत शिरू पाहिलं, तर उत्तर येतं की हे खातं सध्या उपलब्ध नाही. हे 'सध्या' मी नोकरीला लागल्यापासून वाचतोय.

टपालाची ने-आण करणाऱ्या पोस्टफिक्स या प्रोग्रामला शेलशी घेणंदेणं नाही; युजरच्या यादीत नाव दिसलं की झालं. पण 'मायडेस्टिनेशन'मध्ये, म्हणजे कुठल्या डोमेनचं टपाल आपलं मानायचं त्या यादीत, आपलं डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) नसेल तर हाच सर्व्हर स्वतःच्या नावाने आलेलं टपाल 'रिले अ‍ॅक्सेस डिनाइड', म्हणजे 'पुढे पोचवायची परवानगी नाही', म्हणून दारातून परतवतो. वर पाठवणाऱ्यालाच आरोपी ठरवतो!

माणूस घडवायचा नसेल तर अ‍ॅलिअसेस फाइल आहे, म्हणजे कुठल्या नावाचं टपाल कुणाला द्यायचं याची यादी. तिच्यात लिहायचं, सेव्ह करायचं आणि मग 'न्यूअ‍ॅलिअसेस' चालवायचं, कारण पोस्टफिक्स ती फाइल वाचतच नाही, तिच्यावरून बनवलेला डेटाबेस वाचतो. ही रीत सेंडमेल या जुन्या टपाल-प्रोग्रामच्या घराण्यातली. पोस्टफिक्स आलं 1998 साली, सेंडमेलला पर्याय म्हणून. तरी आजही ते 'सेंडमेल' नावाची कमांड सोबत बाळगून आहे. सासर बदललं तरी माहेरचं आडनाव ठेवावं तसं.

खरी करमणूक पुढे असते. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, सांगतो, 'डिलिव्हर्ड टू मेलबॉक्स'. फोनवरचा माणूस सांगतो, काही आलेलं नाही. दोघेही खरं बोलत असतात. पोस्टफिक्सने पत्र व्हार-मेल फोल्डरमधल्या एका लांबलचक फाइलीच्या शेपटीला चिकटवलेलं असतं आणि लोकांना टपाल वाचायला देणारा डव्हकॉट हा प्रोग्राम होम डिरेक्टरीतल्या मेलडिर फोल्डरमध्ये शोधत बसलेला असतो. या दोघांची ओळख करून देणं माझं काम. फोनवर हे समजावून सांगणं हेही माझंच काम, आणि त्याला पाच मिनिटं पुरत नाहीत.

शेवटी सेल्सला टपाल मिळू लागतं. मग निरोप येतो, "तो पत्ता आता नको." युजर काढून टाकणारी यूजरडेल ही कमांड चालवतो. फाइलीही पुसणारा 'आर' हा पर्याय दिला नाही तर माणूस जातो, टपाल राहतं, आणि मालकाच्या जागी नुसता नंबर दिसतो. सेल्स यादीतला शेवटचा असेल तर पुढच्या नव्या युजरला, समजा 'अकाउंट्स'ला, तोच नंबर मिळतो. म्हणजे सेल्सची सगळी पत्रं आता अकाउंट्सच्या मालकीची, आणि अकाउंट्सला याचा पत्ताच नाही.