कचरा जाळायची परमिशन कुठनं काढायची?

परवा संध्याकाळी बेळगावच्या उद्यमबागेतनं शिफ्ट करून घरी आलो, गाडी लावूलालो तोवर पलीकडच्या घरातल्या वैनी कंपाउंडला येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, भावोजी, परड्यात झावळ्या, पाला, प्लास्टिक सगळ्याचा ढीग झालाय, जाळायला परमिशन लागते म्हणूलालेत, ती कुठनं काढायची तेवढं सांगा की. पंचायतीत का तहसीलदार ऑफिसात, फी किती, आधार कार्ड लागतं काय.

तिथं उभ्या उभ्या मी काहीतरी सांगितलं पण नंतर जेवताना, झोपताना तेच डोक्यात. कारण वैनींनी जे विचारलं ते आपल्याकडं शंभरातल्या नव्वद जणांना माहीत नाही आणि ते सांगायला पण कोण येत नाही. म्हणून आज सुट्टी आहे तर बसून लिहितोय. पोस्ट मोठी होणार आहे, पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

तर उत्तर असं की अशी परमिशनच नाही. पंचायतीत नाही, तहसीलदाराकडं नाही, पोल्युशन बोर्डात पण नाही. घरचा कचरा उघड्यावर जाळायचा फॉर्मच कुठल्या ऑफिसात नाही, आणि कुणी पैसे घेऊन तुम्हाला चिठ्ठी देत असेल तर ती फसवणूक आहे. २०१६ च्या घनकचरा नियमातच लिहिलं होतं की ज्याचा कचरा त्याने तो रस्त्यावर, आपल्या हद्दीबाहेरच्या मोकळ्या जागेत, गटारीत, नाल्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही आणि पुरायचा पण नाही. यावर गल्लीतले काहीजण लगेच म्हणतात, हद्दीबाहेर लिहिलंय न्हवं, मग माझ्या परड्यात मी काय पण करीन. तसं चालत नाही. त्याच वर्षी २२ डिसेंबरला हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या केसी चालवणाऱ्या कोर्टाने, देशभर उघड्यावर कचरा जाळायला सरसकट बंदी घातली, कचरा डेपोच्या जागेवर सुद्धा, आणि दंड पण ठरवून दिला. साधं जाळलं तर ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळलं तर २५,०००. ही केस अल्मित्रा पटेल यांची, आपल्याच कर्नाटकात बेंगळूरकडं राहणाऱ्या बाई, १९९६ साली त्या कचऱ्यासाठी सुप्रीम कोर्टात गेल्या आणि वीस वर्षं मागं लागून राहिल्या. वीस वर्षं! आपण एक अर्ज देऊन दोन महिन्यात गार पडतो.

आता बोर्डाची गोष्ट. आमच्या गावात नाल्याजवळ, जिथं सगळे कचरा टाकतात तिथं, मागच्या वर्षी एक बोर्ड लागला. चांगला मोठा, लोखंडी फ्रेमचा, पिवळ्यावर काळी अक्षरं. सगळा कन्नडात. आईला दळण घेऊन येताना तो दिसला, त्यातलं तिला फक्त आकडा तेवढा वाचता आला, घरी येऊन मला विचारती, तिथं पाच हजार कसले द्यायलेत रे, नवीन योजना आलीय काय, आपला अर्ज द्यायचा राहिला का काय. मी तिला सांगितलं आई ते द्यायचे पाच हजार नाहीत, कचरा जाळला तर घ्यायचे आहेत. ती गप्प झाली. कारण त्या दिवशी सकाळीच तिनं तिथंच काड्यापेटी लावली होती.

मला कन्नड येतं. शाळेत शिकलो, कंपनीत दिवसभर कन्नडच बोलतो, माझे निम्मे दोस्त कन्नडिग आहेत, तेव्हा कुणी याच्यात भाषेचं भांडण घुसडू नये. बोर्डावर कन्नड पाहिजेच. पण त्याच्या खाली मराठीत दोन ओळी लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? जिथं अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत पण द्यायच्या हे आपल्या देशात कधीपासूनचं मान्य केलेलं धोरण आहे. आमच्या गावात १५ काय, घरटी मराठीच आहे. आणि ही गोष्ट मानअपमानाची आहेच, पण त्याच्याही आधी ती कामाची आहे. ज्या बाईनं काडी लावायची नाही असं तुम्हाला वाटतंय तिलाच वाचता येत नसेल तर तो बोर्ड कुणासाठी उभा केलाय?

बरं, ज्यांना वाचता येतं त्यांनी काय केलं? बोर्ड लागल्यापासून लोक दिवसाउजेडी जाळायचं बंद झाले आणि रात्री नऊच्या पुढं जाळायला लागले. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. कारण आमच्या दादांना दमा आहे. आपला भाग अडीच हजार फुटावर, डिसेंबर जानेवारीत रात्री गारठा धरला की खालची थंड हवा हलत नाही, धूर वर जातच नाही, कौलाच्या खालनं, दाराच्या फटीतनं घरात येऊन बसतो. दिवसा जाळलेला धूर निदान वाऱ्याबरोबर निघून तरी जायचा. गेल्या जानेवारीत एका रात्री कुणीतरी नाल्याकडं केबल जाळल्या, तांब्यासाठी जाळतात ना वरचं काळं कातडं काढायला, तो वास ज्याने एकदा घेतलाय त्याला सांगायला नको, जिभेवर कडू लागतं. दादा रात्री दीड वाजता उठून बसले, पाठ वाकवून, दोन्ही हात गुडघ्यावर, गळ्याच्या खालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जायचा. आई ओला टॉवेल दाराच्या खाली लावायली, मी नेब्युलायझर लावला, लाईट गेली नाही हे नशीब. दोन वेळा औषध घातलं तेव्हा पहाटे कुठं डोळा लागला त्यांचा. सकाळी नाल्यावर जाऊन बघितलं तर वीतभर काळा डाग आणि तारेचे चार तुकडे. एवढ्यासाठी.

प्लास्टिकचं लोकांना खरंच वाटत नाही. जळून गेलं, संपलं असं वाटतं. असला कचरा जाळायचा तर बंद भट्टीत ८५० डिग्रीच्या वर जाळतात, तेव्हा कुठं त्यातलं विष मोडतं. आपल्या परड्यातल्या ढिगात तेवढी धग कधीच नसते, तो धुमसतो. केबल आणि पीव्हीसी पाईपमध्ये क्लोरीन असतं, ते धुमसताना डायॉक्सिन नावाची विषं तयार होतात आणि राखेत, मातीत बसतात, तिथंच आपल्या कोंबड्या टोचत असतात, तिथंच आपण मिरची नि कोथिंबीर लावतो.

आणि एक सांगू काय, बाहेरच्या ढिगाकडं बोट दाखवायच्या आधी आपल्या न्हाणीत बघा. आमच्याकडं अजून हंड्याखाली जाळ घालूनच अंघोळीचं पाणी तापतं, बहुतेक सगळ्या घरात तसंच आहे. लाकडं ओली असली की पेटत नाहीत मग काय घालायचं, दुधाची पिशवी. ती भडकन् पेटते, थेंब थेंब गळत जळते, आणि बाई तिथंच फुकणी घेऊन तोंड घालून बसलेली असते. आईनं हे तीस वर्षं केलंय. जानेवारीतल्या त्या रात्रीनंतर मी खोबऱ्याच्या करवंट्या आणि नारळाच्या शेंड्या एका पोत्यात भरून न्हाणीच्या बाहेर ठेवल्या, आता त्याने पेटवते. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीला लावतो, महिन्याला भंगारवाला नेतो. एवढंच केलंय, जगावेगळं काही नाही, पण सकाळी दादांचा खोकला कमी झाला हे मी माझ्या कानाने ऐकतोय.

आता पंचायतीचं. गावोगाव कचरा न्यायला गाड्या आल्यात, कितीतरी ठिकाणी त्या बचत गटाच्या बायका चालवतात, हे खरंच चांगलं काम आहे. पण आमच्याकडं गाडी कधी आठ दिवसांनी येते कधी पंधरा. पीडीओ साहेबांना, म्हणजे पंचायतीच्या अधिकाऱ्यांना, जाऊन विचारलं तर ते म्हणाले गाडी एक, वाड्या चार, डिझेलचं बिल अडकलंय. त्यांचं पण बरोबर असेल. पण मग ज्या घरात सहा माणसं आहेत, लहान पोराचे डायपर आहेत, त्यांनी पंधरा दिवस तो कचरा कुठं ठेवायचा? उशाशी? माझं स्पष्ट मत आहे, गाडी वेळेवर न लावता दंडाचा बोर्ड लावणं म्हणजे लोकांना रात्री जाळायला शिकवणं. आधी गाडीचा वार ठरवा, मंगळवार तर मंगळवार, आणि तो चुकवू नका, मग दंड घ्या. पहिला दंड माझ्या घराला लागला तरी मी भरीन.

शेतातलं थोडं वेगळं आहे आणि तिथं मी एवढ्या जोरात बोलणार नाही, कारण शेतकऱ्याची अडचण मला माहीत आहे. ऊस तुटून गेला की एकरी तीन ते चार टन पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, राहतं. खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यातनं फुटणारा ऊस, राखायचाय, पाणी सोडायचंय, सरीत पाचट असलं की पाणी पुढं जात नाही, उंदीर होतात, गोळा करायला माणसं मिळत नाहीत. एक काडी लावली की अर्ध्या तासात शेत साफ. आमच्या काकांनी पण हेच केलं वर्षानुवर्षं. मग दोन वर्षांखाली एका प्लॉटात एक सरी आड पाचट दाबलं, बुडखे जमिनीबरोबर छाटून घेतले, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवायचं कल्चर टाकलं, रिकाम्या सरीतनं पाणी. पहिल्या महिन्यात शेजारचे हसले. पण उन्हाळ्यात दहा दिवसाला लागणारं पाणी पंधरा दिवसावर गेलं, मार्चमध्ये मोटारीला पाणी कमी पडतं तेव्हा पाच दिवस म्हणजे काय हे शेतकऱ्यालाच कळतं. भांगलण पण एकच झाली.

तरी सगळेच उद्यापासून असं करणार नाहीत. बांधावरचं गवत, तणकट, काट्याच्या फांद्या जाळणारच. म्हणून मला वाटतं शेतापुरता तरी गावानं गावाचा नियम करावा. गेल्या फेब्रुवारीत आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला एकाने भर दुपारी बारा वाजता बांध पेटवला. एकटाच होता, पाण्याची घागर सुद्धा जवळ नाही. वारा सुटला, आग गवतातनं सरसर काजूच्या बागेत घुसली. मोहोराचे दिवस, फांद्यांना कुठं कुठं हिरवी बारकी काजू धरलेली. आम्ही दहाबारा जण निर्गुडीच्या फांद्या तोडून झोडपत होतो, तोवर चाळीसभर झाडं भाजून निघाली, बाजूची पिंजराची गंजी पण गेली. काजूचं झाड वरनं हिरवं दिसलं तरी बुंध्याची साल भाजली की दुसऱ्या वर्षी वाळतं. ज्याची बाग होती तो माणूस आरडाओरडा न करता बांधावर नुसता बसून राहिला, ते मला अजून दिसतं. केस झाली असती तर भारतीय न्याय संहितेत २८७ कलम आहे, आगीच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर २,००० पर्यंत दंड नाहीतर दोन्ही. पण भावकीतलं प्रकरण, केस झाली नाही, आणि त्या दोन हजारात काजूचं एक झाड तरी परत येतं काय?

आपल्या आज्याच्या वेळी वणवा दिसला की हाळी द्यायची पद्धत होती, सगळं गाव पळायचं. आता तेच आधी करूया की. ज्याला बांध जाळायचाय त्याने आदल्या दिवशी चारी बाजूच्या शेतकऱ्यांना सांगायचं, ग्रुपवर एक मेसेज टाकायचा. सकाळी वारा पडलेला असताना, निदान तीन माणसं, फवारणीचा पंप पाण्यानं भरून, आधी कडेनं चार हात पट्टा साफ करून मगच काडी. फेब्रुवारी ते मे काजूच्या अंगाला अजिबात नाही. आणि पाईप, पोती, औषधाच्या बाटल्या त्या जाळात टाकायच्या नाहीत. जंगलाला लागून ज्यांची जमीन आहे, खानापूरकडच्या लोकांनी तर जास्तच जपायला पाहिजे, तिथं ठिणगी जंगलात गेली तर फॉरेस्टवाले सोडत नाहीत आणि सोडू पण नये.

कुणी विचारेल मग होळी पण बंद करायची काय. नाही. लाकूड आणि शेणी पेटवा, पोळीचा नैवेद्य दाखवा, बोंब मारा. जुने टायर तेवढे आणू नका, मागच्या वर्षी आमच्या गल्लीत पोरांनी दोन आणले होते, ते मी स्वतः बाजूला काढले आणि पोरांनी ऐकलं पण.

मी अर्ज लिहिलाय. एका बाजूला कन्नड, पाठीमागं मराठी. तीन मागण्या आहेत, गाडीचा वार ठरवा, नाल्याजवळच्या बोर्डावर मराठी लिहा, शेतातल्या आगीचा ठराव घ्या. आतापर्यंत ४१ सह्या झाल्यात, त्यातली पहिली सही आईची आहे, दुसरी पलीकडच्या वैनींची. वैनींच्या परड्यातला ढीग रविवारी आम्ही दोघांनी मिळून वेगळा केला, झावळ्या खराट्याला काढल्या, पाला नारळाच्या आळ्यात टाकला, प्लास्टिक दोन पोती निघालं ते माझ्या गाडीला बांधून भंगारात दिलं. ग्रामसभेची तारीख कळली की इथंच टाकतो, गल्लीतल्या बायकांनी जरूर यावं, पुरुष माणसं कामावर असतात आणि काडी कुठं कधी लागते हे तुम्हालाच जास्त माहीत आहे.