बंडल फुगलं? लिमिट वाढवा, निवांत राहा!

परवा एका पीआरमध्ये (कोड जोडायच्या विनंतीत) कमेंटखाली 'दोन दिवसांपूर्वी' एवढंच दाखवायचं होतं. तेवढ्यासाठी मोमेंट ही तारखांची लायब्ररी आली, आणि तिच्या मागोमाग जगभरच्या भाषांच्या लोकेल फाइल्सही बंडलमध्ये, म्हणजे ब्राउझरला पाठवायच्या एकत्र बांधलेल्या कोडमध्ये, येऊन बसल्या. ॲप एकाच भाषेत आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नसावं. बंडल ठरलेल्या लिमिटवर गेलं म्हणून आकार तपासणाऱ्या बॉटने लाल फुली मारली. मग त्याच पीआरमध्ये लिमिटचा आकडा वाढला, फुली हिरवी झाली, आणि दोघा जणांचं 'एलजीटीएम' ('मला ठीक वाटतंय') येऊन मर्जही झालं. इतकी सुबक कार्यपद्धती आपल्यापुरती ठेवणं बरं नाही, म्हणून हे काही उपाय तुमच्यासाठी.

सर्वप्रथम, बंडलच्या आकारावर चेक जरूर लावा. साइझ-लिमिट घ्या, बंडलवॉच घ्या, हवं ते घ्या. रीडमीमध्ये बॅज चांगला दिसतो. फक्त तो चेक 'रिक्वायर्ड' (मर्जसाठी सक्तीचा) करू नका, आणि वर 'कंटिन्यू-ऑन-एरर: ट्रू' टाका, म्हणजे तो फेल झाला तरी काही अडत नाही.

बंडल बांधणारा वेबपॅक फाइल 244 किबीच्या (किबीबाइटच्या) वर गेली की आपणहून कुरकुर करतो. 'हिंट्स: फॉल्स' लिहिलं की गप्प बसतो.

बॉटला बोलकं ठेवा. बारा बाइट वाढले तरी कमेंट, प्रत्येक पुशला नवी कमेंट. तुलनेसाठी मेन या मुख्य शाखेचा जुनापुराणा बिल्ड ठेवा, म्हणजे दुसऱ्याने वाढवलेले केबी तुमच्या पीआरवर दिसतील. काही दिवसांत सगळ्यांना त्या तक्त्यावरून न बघता खाली स्क्रोल करायची सवय लागते.

डिबाउन्ससारख्या एका छोट्या फंक्शनसाठी अख्खी लोडॅश लायब्ररी इम्पोर्ट करा. न वापरलेला कोड गाळणारं ट्री शेकिंग बघून घेईल. (नाही बघत. साधं लोडॅश कॉमनजेएस या जुन्या मॉड्यूल पद्धतीत आहे, तिथे ते नीट चालत नाही.)

कोणी आकाराबद्दल विचारलंच, तर 'जीझिप केल्यावर एवढंसंच आहे' म्हणा. ब्राउझरला ते उलगडून सगळं पार्स करावं लागतं, स्वस्तातल्या फोनवर तेवढा वेळ पान नुसतं दिसतं, बटण दाबलं तर हलत नाही, असल्या तपशिलात शिरू नका. तुमच्या लॅपटॉपवर तर ते पटकन उघडतं.

आणि सगळ्यात रामबाण उपाय म्हणजे लिमिट वाढवणं. आकडा बदलायला वेळ लागत नाही. डिफमध्ये एकच ओळ दिसते, तीही जेसन फाइलमधली, तिच्याकडे कोण बघतो? 'थोडंसंच वाढलंय' असं लिहा. दर वेळी थोडंसंच असतं! गेल्या स्प्रिंटलाही थोडंसंच होतं. पुढच्या स्प्रिंटला दुसरा कोणी थोडंसंच वाढवेल, कारण तुमचं चाललं मग त्याचं का चालू नये? वजन वाढलं म्हणून काट्याचा शून्य सरकवायचा आणि वर बारीक झालो म्हणून पेढे वाटायचे! बंडलचा ॲनलायझर उघडून त्यातल्या नकाशात सगळ्यात मोठा चौकोन कशाचा आहे, हे एकाने तरी बघितलं का? एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या लॉकफाइलमध्ये (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीत) नांदताहेत, ते दिसलं का? मोमेंटच्या कर्त्यांनी स्वतः 2020 साली सांगितलं की नव्या प्रोजेक्टमध्ये ही घेऊ नका. ब्राउझरमध्ये 'दोन दिवसांपूर्वी' असं लिहून देणारं 'इंटल.रिलेटिव्हटाइमफॉरमॅट' आयतं पडलंय, शून्य केबीत. पण शोधायचे कष्ट कोण घेणार?

पुरे झाला उपरोध. लिमिटच्या फाइलला कोडओनर्स (त्या फाइलची जबाबदारी असलेली माणसं) लावा आणि त्यांची मंजुरी सक्तीची करा. आकडा वाढवायचाच असेल तर वेगळा पीआर काढा, केबी कशात गेले ते त्यात लिहा. चेक रिक्वायर्ड करा. किरकोळ फरकावर बॉटला गप्प ठेवा आणि एकच कमेंट अपडेट करायला लावा. जो भाग पहिल्या स्क्रीनला लागत नाही तो डायनॅमिक इम्पोर्टने मागाहून आणा. यातलं काहीच अवघड नाही, आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं असंही नाही. आळस आहे, दुसरं काही नाही. तेवढंही होत नसेल तर तो बॉट काढून टाका आणि प्रत्येक मीटिंगमध्ये 'आमच्याकडे बंडलवर चेक आहे' म्हणून मिरवणं बंद करा.