बसल्या जागेवरून घर चकाचक

घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, अडीच वर्षांची मुलगी आहे, नवरा-बायको दोघंही नोकरीला जातात आणि तरीही घर स्वच्छ हवंय? मग सगळ्यात आधी एक चांगलं वेळापत्रक करा. हे काम घरातल्या कर्त्या पुरुषानं जातीनं करावं. बायकांना ते जमत नाही. त्यांचा सगळा दिवस झाडण्या-पुसण्यात जातो, नियोजनाला वेळ कुठून मिळणार? मी दर रविवारी सकाळी दुसऱ्या चहानंतर वेळापत्रकाला बसतो. चार रंगांची पेनं, एक फूटपट्टी आणि दीड तासाची शांतता, बाकी काही लागत नाही. तेवढ्या वेळात मुलांना त्यांच्या आईकडे द्यावं. ती मोरीत कपडे घासतच असते, एका जागी बसलेली असते, म्हणजे मोकळीच असते.

आमचं पहिलं वेळापत्रक फार सुंदर झालं होतं. सोमवारी जळमटं, मंगळवारी पंखे, बुधवारी सगळ्या घराची फरशी पुसणं, गुरुवारी मोरी-संडास, असं आठवडाभर. ‘रोज फक्त पंधरा मिनिटं’ हा मंत्र मी वर लाल शाईनं लिहिला होता. एकच अडचण आली. आठवडा सात दिवसांचा असतो हे सोलापूरच्या नळाला कोणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या गल्लीत तेव्हा पाच दिवसांतून एकदा पाणी यायचं. सात आणि पाच यांचा लसावि 35. म्हणजे फरशी पुसायचा बुधवार आणि नळाला पाणी यायचा दिवस, यांची गाठ 35 दिवसांतून एकदा पडणार. हे गणित मी बायकोला कागदावर मांडून दाखवलं. ती गणिताचीच शिक्षिका आहे. तिनं कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि बादली उचलून आत गेली. गणिताच्या लोकांना उपयोजनात रस नसतो.

तर वेळापत्रक करताना वार धरू नका, पाण्याचा दिवस धरा. पाणी पहाटे साडेतीनला येतं, कधी रात्री अकराला येतं, कधी पेपरात उजनी धरण शंभर टक्के भरल्याची बातमी येते आणि पाणी येतच नाही. चावी सोडणारा माणूस कधी येतो हे गल्लीत फक्त शेजारच्या तेलुगू काकूंना कळतं. कसं कळतं ते विचारू नये. त्या दारातून ओरडतात, “काय ओ, झोपला काय? पाणी आलंय की!” अशा वेळी घरातल्या पुरुषानं काय करावं, याबद्दल मतभेद आहेत. माझं मत असं, की भिंतीकडे तोंड करून श्वास संथ ठेवावा. एकाच वेळी दोन माणसं मोटरजवळ गेली की गोंधळ होतो. टिपाड, पिंप, दोन हंडे, चार बादल्या, आंघोळीचं घंगाळ आणि मुलीचा प्लॅस्टिकचा टब, एवढं भरायला एक माणूस पुरतो हे मी अनेक वर्षं ऐकून ऐकून पडताळलेलं आहे.

पाणी साठलं की ते पुरवणं आलं. या कलेत माझ्या आईचा हात धरणारं कोणी नाही. तिच्या हाताखाली एका बादलीचे चार जन्म होतात: भाजी धुतलेलं पाणी कुंडीला, कपडे खळबळलेलं पाणी मोरीला, मोरीतून उरलेलं संडासाला, आणि चौथा जन्म कोणता ते मी विचारलेलं नाही. वापरायला बोअर आहे, पण बोअरचं पाणी जड. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार इतके, की साबणाला फेस येत नाही आणि पुसलेली फरशी वाळली की तिच्यावर पांढरे फराटे उठतात. म्हणजे आधी घाण दिसत होती, आता पुसल्याचं दिसतं. पाहुण्यांना दाखवायला हे फराटे फार उपयोगी पडतात.

पाहुण्यांचा विषय निघालाच आहे, तर तोही उरकून घेऊ. सोलापूरकराचं घर हे घर नसतं, ते जंक्शन असतं. अक्कलकोट 40 किलोमीटर, तुळजापूर 45, पंढरपूर 70 च्या आसपास. महाराष्ट्रातल्या कुठल्याही नातेवाइकाला कुठलाही देव आठवला तरी त्याला आधी आपण आठवतो. सिद्धेश्वर एक्सप्रेस मुंबईहून रात्री निघून सकाळी इथं पोचते, ती बहुधा आपल्याला आवराआवरीला वेळ मिळू नये याच हिशोबानं. “फक्त आंघोळ करून पुढं निघू,” असं पाहुणे म्हणतात. सात माणसांची फक्त आंघोळ. टिपाडाचा तळ दिसायला लागला की आईच्या तोंडावर जे हसू येतं त्याला संस्कृती म्हणतात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली की त्यात भर. मुलं होम मैदानाची धूळ बुटांतून, केसांतून आणि पिपाणीतून घरात आणतात आणि ती पुढं महाशिवरात्रीपर्यंत पुरते.

अशा वेळी घर पाच मिनिटांत स्वच्छ करायचा एक उपाय आहे आणि तो सांगण्यासाठीच खरं म्हणजे मी हा लेख लिहायला घेतला. सोलापुरी चादर. पुण्या-मुंबईची माणसं तिला पांघरायची वस्तू समजतात. त्यांच्याकडे घर आवरायला बाई येते, त्यांचं चाललं. आपल्याला पक्कं ठाऊक असायला हवं, की जॅकार्ड मागावर विणलेली ही जाड, गडद, दोन्ही बाजूंनी नक्षीची वस्तू मुळात झाकण्यासाठी जन्माला आलेली आहे. सोफ्यावर धुवायचे कपडे, त्यांत एक अर्धी खाल्लेली कडक भाकरी, गाडीचं एक चाक, बिनटोपणाची स्केचपेनं, शाळेची ओली सॉक्स, असा ढीग असू द्या. दार वाजलं की वर चादर टाका, कडा आत खोचा, दोन्ही हातांनी एकदा थोपटा. पाहुणे म्हणतात, “वा, हीच का ती खरी सोलापुरी?” आपण म्हणायचं, “होय की. भौगोलिक मानांकन आहे तिला.” हे खोटं नाही. चादरीला आहे, इथल्या टेरी टॉवेललाही आहे. चादरीखालच्या ढिगाला अजून मिळायचं आहे.

डागांच्या बाबतीतही हिच्या तोडीचं काही नाही. शेंगा चटणी ही कोरडी दिसते म्हणून लोक फसतात. ती उखळात कुटतात तेव्हा शेंगदाण्यांचं तेल सुटतं, आणि ते तेल तिखटाचा लाल रंग घेऊन मुलांच्या अंगठ्यावाटे घरभर हिंडतं. भिंतीवर अंगठा दिसतो, फ्रिजवर दिसतो, पांढऱ्या उशीवर तर पंचनामाच होतो. मयूरपंखी नक्षीच्या चादरीवर तोच अंगठा मोराचा एक जादा डोळा म्हणून खपून जातो. फक्त ती चादर धुवायच्या भानगडीत पडू नका. कोरडी असते तेव्हा ती चादर असते, भिजली की म्हैस होते. आमच्याकडे ती पिळायला दोन माणसं लागतात. बायको एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला. मी मधे उभा राहून पीळ उलटा पडत नाही ना ते बघतो.

आता मोबाइलवरच्या उपायांबद्दल. मला रोज असे तीन-चार व्हिडिओ येतात आणि मी ते लगेच बायकोला पाठवतो. ती स्वयंपाकघरात असते, मी हॉलमध्ये, त्यामुळे पाठवणंच सोपं. सगळ्यात गाजलेला म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचा उपाय. जोरदार फेस येतो, मुलं टाळ्या वाजवतात. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघांनी मिळून एकमेकांचा बंदोबस्त केलेला असतो, कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो आणि भांड्यात उरलेलं असतं खारट पाणी. वेगवेगळे वापरले असते तर सोड्यानं कढईचा तेलकटपणा गेला असता आणि व्हिनेगरनं नळावरचे बोअरचे पांढरे डाग. पण मग व्हिडिओ झाला नसता.

या शास्त्रीय दृष्टीतूनच मी एका रविवारी स्वतः कामाला हात लावला होता. हे माझे विरोधक विसरतात. नळाचे डाग लिंबानं गेले, तेव्हा लिंबापेक्षा जोरकस ॲसिडनं फरशीचेही जातील, हा साधा तर्क. आमची फरशी शहाबादी, वडिलांनी घातलेली, चाळीस वर्षं पावलांनी घासून घासून काळ्याभोर आरशासारखी झालेली. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आणि चुनखडीवर आम्ल पडलं की ती विरघळते, हे मला त्या फसफसण्यावरून कळलं. आता देवघरासमोर परातीएवढा एक पांढुरका, खरखरीत पट्टा आहे. आई त्याच्यावर बसायचं पाट टाकते. पाहुण्यांपुढं विषय निघाला तर “ह्यांनी एकदा साफसफाई केली होती” एवढंच बायको सांगते.

एक गोष्ट मात्र उपरोध बाजूला ठेवून सांगतो, कारण घरात लहान पोरं आहेत. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो माणसाला आडवा करू शकतो. झालं, आता परत मूळ सुरावर येतो.

कोरडा दिवस. डेंग्यूचा डास गटारात होत नाही, त्याला स्वच्छ, साठवलेलं पाणी आवडतं. म्हणजे त्याची आणि सोलापूरकराची आवड एकच. त्याची मादी टिपाडाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवते. पाणी ओतून टाकलं तरी अंडी तिथंच, महिनोन्महिने कोरडी राहून पुढच्या पाण्याची वाट बघत. आपल्यासारखीच. पाणी मिळालं की उन्हाळ्या-पावसाळ्यात आठवडा-दहा दिवसांत डास तयार. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, कडा खराखरा घासून, वाळवून मग भरायची. पाचव्या दिवशी येणारं पाणी सातव्या दिवशी ओतून द्यायचं! मी हा नियम वेळापत्रकात हिरव्या शाईनं घातला. आईनं तो वाचून घेतला आणि म्हणाली, “ओतायला तुझं मन होतंय का बघू.” शेवटी पाणी यायच्या आदल्या रात्री टिपाड तसंही रिकामं असतं, तेव्हाच कडा घासायच्या असं ठरलं. कोणी घासायच्या तो रकाना सध्या मोकळा आहे.

राहिलं रोजचं झाडणं. त्यात फार काही नाही. वरून खाली या: आधी जळमटं, मग पंखा, मग फरशी. उलट केलं तर पंख्याची धूळ पुसलेल्या फरशीवर पडते आणि तीच फरशी त्याच माणसाला परत पुसावी लागते. हे मी सोफ्यावरून दोनदा ओरडून सांगितलं आहे. उन्हाळ्यात पारा 43-44 ला गेला की दुपारच्या वावटळीनं एवढी माती घरात येते, की झाडणाऱ्याला शेतकरी म्हणून नोंद करून घेता येईल. दारं-खिडक्या लावाव्यात तर उकडतं, उघडाव्यात तर झाडावं लागतं. मी उघडी ठेवायच्या बाजूचा आहे.

आणि झाडणाऱ्या माणसाला सहकार्य करा. कुटुंब म्हणजे सहकार्य. केरसुणी सोफ्याजवळ आली, की समोरच्याला “पाय” असं म्हणायची वेळ आणू नये. आपण होऊन वर घ्यावेत. हातातला पेपर न हलवता, चहा न सांडता, आणि फडकं फिरून फरशी वाळेपर्यंत वर ठेवावेत. दिसतं तेवढं सोपं नाही. पोटाला चांगला ताण बसतो.

परवा मुलाला शाळेतून गृहपाठ होता, ‘घरात कोण काय काम करतं?’ चार ओळी, प्रत्येक ओळीशेजारी चित्र. त्यानं मन लावून लिहिलं होतं. आई पाणी भरते, शाळेत शिकवते आणि झाडते. आजी भाकरी करते आणि टिपाड घासते. ताईकाकू आम्हाला उठवतात. शेजारी नववारीतल्या तेलुगू काकू, तोंड भलंमोठं उघडलेलं. चौथी ओळ: बाबा पाय वर घेतात. चित्रात सोफा होता, पेपर होता आणि पेपरच्या खाली हवेत तरंगणारा एक पाय.

एवढ्याशा पोराचं निरीक्षण बघून ऊर भरून आला. तरी चूक ती चूक. मी त्याला जवळ बसवलं, रबर दिला आणि दुसराही पाय काढायला लावला.