बक्षीस घराला द्यायचं का फोटोला?

नाशिकातल्या घरांच्या आणि कमर्शियल बिल्डिंगच्या अवॉर्डसाठी ज्युरीत बसायला कुणी बोलावलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, पण यंदा बसून आल्यापासून डोक्यात एकच भुणभुण चाललीय. आम्ही घरं बघितलीच नाहीत हो, आम्ही फोटोग्राफरचं काम बघितलं.

एन्ट्री येतात पीडीएफमध्ये. पहिल्या पानावर ड्रोन शॉट, दुसऱ्यावर दिवेलागणीची वेळ, घरातले झाडून सगळे लाइट चालू, आणि वाइड अँगलने दहा बाय बाराची बेडरूम पण मंगल कार्यालयासारखी दिसते. गंगापूर रोडचा बंगला घ्या नाहीतर त्र्यंबक रोडचं फार्महाऊस घ्या, दारात चप्पल नाही, धुण्याची दोरी नाही, ओट्यावर मिक्सर नाही. गच्चीवर कुरडया तर सोडाच.

मी आपला प्लॅन उघडून आधी नॉर्थचा, म्हणजे उत्तर दिशेचा बाण शोधणारा माणूस. बऱ्याच शीटवर बाणच नाही! मग ती डबल हाइट लिव्हिंगची काच उत्तरेला आहे का पश्चिमेला हे मी काय कुंडली मांडून सांगू? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन तिरकं होऊन सरळ आत घुसतं, वरचा छज्जा त्याला अडवू शकत नाही, तिथे उभे फिन (भिंतीबाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या) लागतात, जाळी लागते, नाहीतर सरळ जिना, टॉयलेट, स्टोअर त्या बाजूला टाकायचं. कॉलेजात शिकवतात हे.

कमर्शियलचं तर विचारूच नका. काच आणि एसीपी (बाहेरून लावायचे ॲल्युमिनियमचे पत्रे), एसीपी आणि काच. एका बिल्डिंगवर बाकीचे ज्युरी फिदा होते, "आयकॉनिक" वगैरे. मी म्हटलं रॅम्प बघू. प्लिंथ (जोतं) ९० सेंटिमीटर, म्हणजे १:१२ च्या उताराने (एक फूट चढायला बारा फूट लांबी) रॅम्प १०.८ मीटर लांब हवा, ड्रॉइंगवर होता जेमतेम ४ मीटर. व्हीलचेअर सोडा, तिथे धडधाकट माणूस पण रेलिंग धरूनच चढेल. आणि वरच्या मजल्यावर ऑर्थोपेडिकचं क्लिनिक!

आर्किटेक्चरचं ते जगभर गाजलेलं आगा खान अवॉर्ड बघा, १९७७ मध्ये सुरू झालं, तीन वर्षांतून एकदा देतात, त्यात शॉर्टलिस्ट झालेल्या प्रत्येक प्रोजेक्टवर तज्ज्ञ माणूस प्रत्यक्ष पाठवतात आणि बिल्डिंग निदान वर्षभर वापरात असावी लागते. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीला ते १९९५ ला मिळालं. तिथली आयडिया अशी की गरीब कुटुंबाला प्लॉट, प्लिंथ, संडास-बाथरूम द्यायचं आणि पुढचं घर त्याने ऐपतीप्रमाणे हळूहळू वाढवायचं. आता याचा दिवेलागणीचा फोटो काय काढणार? आमच्याकडे पहिल्या राउंडलाच उडाली असती.

आणि आम्हाला इंदूरला जायचं नव्हतं, नाशिकातल्या नाशिकात फिरायचं होतं. फार हट्ट केला तेव्हा कुठे मोजक्या साइटवर नेलं. त्यात इंदिरानगरचं एक छोटं रो हाऊस होतं, मोबाइलवर काढलेले फोटो, त्यातही एक आडवा. आत शिरलो तर मधोमध छोटा चौक, वर ग्रिल, हवा खेळती, भर दुपारी पंखा बंद. सरकारवाड्यात किंवा पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत जे चौकाचं शहाणपण आहे ना तेच, फक्त आटोपशीर. आजी मेथी निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "मी दिवसभर इथंच असते, इथून सून पण दिसते आणि दारात कोण आलं ते पण दिसतं." आता हे स्कोअरशीटच्या कुठल्या रकान्यात भरू? इनोव्हेशनच्या का एस्थेटिक्सच्या?

निकाल सांगायची गरज आहे का? काचवाल्या बिल्डिंगला पहिलं, रो हाऊसला स्पेशल मेन्शन, ते पण मी अडून बसलो म्हणून. दोघा ज्युरींनी नंतर चहा पिताना कबूल केलं की रो हाऊसच भारी होतं, पण "स्टेजवर स्क्रीनवर दिसायला पण पाहिजे ना". घ्या!

मी आयोजकांना सांगून आलोय, पुढच्या वेळी प्लॅनवर नॉर्थ, एक सेक्शन (बिल्डिंगचा उभा छेद) आणि दुपारी तीनला घेतलेला पश्चिम बाजूचा फोटो कंपल्सरी करा, आणि शेवटच्या फेरीतल्या सगळ्या साइट दाखवा. ते म्हणाले, सर, एवढं मागितलं तर एन्ट्रीच येणार नाहीत. म्हटलं येऊ देत कमी, फी वाढवा आणि त्यातून ज्युरीला फिरवायच्या गाडीचं डिझेल काढा.