लाडकी बहीण आणि हक्कसोडपत्र

इकडे न्यू जर्सीत मंडळाचा गणपती असो की कुणाकडचा सत्यनारायण, जेवणं आटोपली की विषय ‘लाडकी बहीण’वर येतोच. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बायकांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये टाकायला सुरुवात केली आणि गावाकडचं भांडण जसंच्या तसं इथे येऊन पोचलं. एक गट म्हणतो, फुकटची सवय लावली, तिजोरी रिकामी केली. (यातल्या बहुतेकांनी कित्येक वर्षांत महाराष्ट्रात एक रुपया कर भरलेला नाही, हे जाता जाता.) दुसरा म्हणतो, बाईच्या हातात तिचे स्वतःचे पैसे आले. मी दुसऱ्या बाजूची. नवऱ्यापुढे हात न पसरता औषध आणता येणं ही लहान गोष्ट नाही.

पण दीड हजारात धंदा उभा राहत नाही. बचत गटाचं बिनतारण कर्ज पापड-शेवयांना पुरतं. गाळा घ्यायचा, मोठी यंत्रं टाकायची तर बँक तारण मागते. म्हणजे जमीन, नाहीतर घर. ते कुणाच्या नावावर असतं? महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, देशाने २००५ मध्ये. तरी वडिलांचं दिवसकार्य उरकतं न उरकतं तोच बहिणींपुढे हक्कसोडपत्र येतं, म्हणजे आपला वाटा भावांसाठी सोडून दिल्याचा कागद. सही केली तर माहेर शाबूत, नाही केली तर भाऊबीज बंद. सरकारची बहीण दरमहा लाडकी. घरातली बहीण सही करेपर्यंत. या कागदाबद्दल दोन्ही गट गप्प असतात. साहजिकच आहे, दोन्हीकडे भाऊच जास्त बोलतात.

‘अमेरिकेत नाही बाई असलं काही,’ असं मला ऐकवलं जातं. कर्ज देताना स्त्री-पुरुष भेद करायला इथे कायद्याने मनाई झाली ती १९७४ मध्ये. त्यातही व्यवसायाच्या कर्जाला पळवाट राहिली, आणि बाईने धंद्यासाठी कर्ज मागितलं की नवऱ्याची, बापाची, भावाची सही मागणं पुढेही चालू राहिलं. उद्योजक बायकांनी रेटा लावला तेव्हा १९८८ च्या कायद्याने ती वाट बंद झाली. आणि आपल्याच बायकांचं बघा. नवऱ्याच्या मागे एच-फोर व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या इंजिनिअर मुली घरी बसतात. २०१५ पासून कामाचा परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचलं असेल तरच. बाकीच्यांनी पैसे घेऊन डबे करून दिले तरी नियमभंग. पुरुषाच्या कागदाला बांधलेली बाई इथेही आहे.

इकडे काय आणि तिकडे काय, फरक पडला तो बायका अडून बसल्यावर. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी स्वतःच्या बँकेसाठी अर्ज केला, तो सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने फेटाळला. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

निवडणुकीत दीड हजाराचे एकवीसशे करायचं आश्वासन दिलं गेलं. जरूर करा. सोबत एक नियमही करा: हक्कसोडपत्र नोंदवताना दुय्यम निबंधकाने भावांना बाहेर बसवावं, सोडल्या जाणाऱ्या वाट्याची बाजारभावाने किंमत बहिणीला वाचून दाखवावी आणि महिन्याभराने पुन्हा बोलवावं. त्यानंतरही जिला सही करायची असेल तिने खुशाल करावी. बऱ्याच जणी परत येणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.